धूम्रपान : हानी किती, सुटका कशी?

सिगारेटच्या पाकिटावरील कर्करोगाचे चित्र पाहून नजर वळवणारे अनेक असतात. त्याच पाकिटावर सप्टेंबर २०१८ पासून १८००-११-२३५६ हा दूरध्वनी क्रमांकही छापला जातो. तंबाखूचे व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांना निःशुल्क समुपदेशन देणारी ही राष्ट्रीय सेवा आहे. धूम्रपान घातक असल्याचे आता कोणाला सांगावे लागत नाही. पण ते कोणत्याही वयात सोडल्यास लाभ होतो आणि त्यासाठी केवळ मनोनिग्रहावर विसंबण्याची गरज नाही, याची जाणीव मात्र अजून पुरेशी रुजलेली नाही.

धुरात दडलेले विष

तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगास कारणीभूत ठरतात. सामान्य वाचकाने त्यातील तीन घटक लक्षात ठेवावेत. टार हा चिकट पदार्थ फुफ्फुसांत साचतो आणि कर्करोगकारक द्रव्ये प्रामुख्याने त्यातच असतात. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्यामुळे हृदयाला कमी प्राणवायूवर अधिक श्रम करावे लागतात. तिसरा घटक निकोटीन. झुरका घेतल्यापासून काही सेकंदांतच ते मेंदूपर्यंत पोहोचते. व्यसन लागते ते त्याचेच.

फुफ्फुसाचा कर्करोग हा धूम्रपानाचा सर्वांत परिचित परिणाम असला, तरी तो एकमेव नव्हे. तोंड, घसा, अन्ननलिका, मूत्राशय आणि स्वादुपिंड यांच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, फुफ्फुसांची क्षमता कायमची घटवणारा ‘सीओपीडी’ आणि पायांच्या रक्तवाहिन्या आकसून बोटे गमवावी लागणारा बर्जर रोग हेही धूम्रपानाशी निगडित आहेत. गर्भवतीच्या धूम्रपानामुळे बाळ कमी वजनाचे जन्मते. घरातील मुलांनी कधी सिगारेट हातीही धरलेली नसते; तरी वडिलांच्या धुरामुळे त्यांना दमा आणि कानाचे विकार जडू शकतात. खिडकी उघडी ठेवल्याने हा धोका टळत नाही.

बिडी ‘हलकी’ नव्हे

बिडीत तंबाखू कमी, म्हणून अपायही कमी, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. तेंदूचे पान नीट जळत नाही. बिडी विझू नये म्हणून ओढणारा अधिक वेळा व खोल झुरके घेतो.

डॉ. प्रभात झा व सहकाऱ्यांनी ११ लाख घरांच्या पाहणीवर आधारित भारतातील अभ्यास २००८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. दिवसाला एक ते सात बिड्या ओढल्यानेही मृत्यूचा धोका सुमारे एकचतुर्थांशाने वाढतो, तर तितक्याच सिगारेटींनी तो जवळपास दुप्पट होतो, असे त्यात दिसून आले. बिडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी, तर सिगारेट ओढणाऱ्यांचे दहा वर्षांनी घटते. धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत क्षयरोगाने मृत्यू येण्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. व्यसन सोडणारे तेव्हा अगदी थोडे होते. त्यांतही अनेकांनी ते सोडले ते आजार जडल्यावर. खरी हानी या विलंबातच आहे.

सोडल्यावर काय होते?

शरीर स्वतःला सावरण्यास विलक्षण लवकर आरंभ करते.

* २० मिनिटांत : हृदयाचे ठोके व रक्तदाब उतरू लागतो.
* एका दिवसात : रक्तातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण सामान्य पातळीवर येते.
* २ ते १२ आठवड्यांत : रक्ताभिसरण व फुफ्फुसांचे कार्य सुधारते.
* एका वर्षात : धूम्रपानामुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका सुमारे निम्मा होतो.
* १० वर्षांत : फुफ्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका धूम्रपान सुरू ठेवणाऱ्याच्या निम्म्यावर येतो.

ब्रिटनमधील ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांची पाहणी रिचर्ड डॉल व सहकाऱ्यांनी १९५१ पासून पन्नास वर्षे केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, साठाव्या वर्षी धूम्रपान सोडणाऱ्यास सुमारे तीन, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यास सहा, चाळिशीत सोडणाऱ्यास नऊ, तर तिशीत सोडणाऱ्यास दहा वर्षे आयुष्य अधिक लाभते. ‘आता या वयात सोडून काय उपयोग?’ या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांत आहे.

पहिले काही आठवडे

निकोटीन बंद होताच चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश, एकाग्रतेचा अभाव आणि वाढलेली भूक ही लक्षणे दिसतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्यांचा जोर सर्वाधिक असतो. साधारण दोन ते चार आठवड्यांत ती ओसरतात. म्हणजेच हा त्रास मर्यादित मुदतीचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार कोणत्याही मदतीविना केलेल्या प्रयत्नांपैकी सुमारे चार टक्केच यशस्वी होतात. समुपदेशन व औषधांच्या जोडीने यशाची शक्यता दुपटीहून अधिक होते. त्यामुळे एकट्याने केलेला प्रयत्न फसला, तर त्यास दुबळेपणा समजू नये.

मुक्तीचा मार्ग

१. दिवस ठरवावा : येत्या दोन आठवड्यांतील एक तारीख निश्चित करून ती घरच्यांना व सहकाऱ्यांना सांगावी. आदल्या रात्री पाकिटे, लायटर, राखपात्रे घराबाहेर काढावीत.

२. प्रसंग ओळखावेत : सकाळचा चहा, जेवणानंतरची फेरी, कार्यालयाखालची टपरी, मद्यपानाची बैठक. सुरुवातीचे काही आठवडे हे प्रसंग टाळावेत किंवा बदलावेत.

३. तलफ टोलवावी : तलफ सहसा काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ पाणी प्यावे, दीर्घ श्वास घ्यावेत, जागा सोडून चालावे, तोंडात बडीशेप वा लवंग ठेवावी.

४. निकोटीनयुक्त गम किंवा पट्टी : गम सामान्य च्युइंगमसारखा सतत चघळू नये. चुणचुण जाणवेपर्यंत हळू चावून तो गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवावा. त्याआधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी घेऊ नये, अन्यथा निकोटीन नीट शोषले जात नाही. हृदयरोगी व गर्भवतींनी डॉक्टरांना विचारूनच तो घ्यावा.

५. औषधे : ब्युप्रोपियॉन व व्हॅरेनिक्लिन ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. ती सोडण्याच्या तारखेपूर्वी एक-दोन आठवडे सुरू करतात. अपस्मार असलेल्यांना ब्युप्रोपियॉन देत नाहीत.

या पळवाटा टाळा

सिगारेट सोडून मिश्री, तंबाखू-चुना वा गुटखा धरणे म्हणजे सुटका नव्हे. निकोटीन तेच राहते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये, तर ई-सिगारेटवर देशभर २०१९ मध्ये बंदी आली. ‘लाइट’ सिगारेटही सुरक्षित नसते, कारण ओढणारा नकळत खोल झुरके घेऊन निकोटीनची कसर भरून काढतो.

सोडल्यानंतर एखादी सिगारेट ओढली गेली, तर संकल्प मोडला असे मानून पाकीट विकत घेऊ नये. ती कोणत्या प्रसंगी ओढली गेली हे पाहावे आणि त्याच दिवसापासून पुन्हा आरंभ करावा. कायमची सुटका होण्यापूर्वी अनेकांना एकाहून अधिक वेळा प्रयत्न करावा लागतो. मात्र त्यासाठी डॉक्टरांच्या गंभीर निदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. मदतीचा क्रमांक खिशातल्या पाकिटावरच आहे.