वाटाण्याचा अंकुर आणि चाचणीची प्रत

इतिहासाच्या पुस्तकांना प्रकाशनाच्या तारखा फार प्रिय असतात. ग्रंथ केव्हा छापून आला, रेल्वे केव्हा धावली, चित्रपट केव्हा पडद्यावर आला, हे विद्यार्थी पाठ करतात आणि आम्ही शिक्षक त्यावर गुण देतो. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, ही अशीच एक तारीख आहे. परंतु लोकांसमोर येणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या आधी एक चाचणीची वस्तू असते. ती लोकांसाठी केलेली नसते. म्हणूनच तिची तारीख कोणी पाठ करीत नाही, आणि बहुतेक वेळा ती वस्तूही शिल्लक राहत नाही.

‘राजा हरिश्चंद्र’च्या आधीची अशी वस्तू म्हणजे वाटाण्याच्या रोपाचे चित्र. धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले. तेथे त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र खरेदी केले, हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसे चालते ते पाहिले आणि ते मायदेशी परतले. आता प्रश्न भांडवलाचा होता. हिंदुस्थानात हिंदी माणूस चित्रपट काढू शकतो, यावर पैसेवाल्यांचा विश्वास बसणार कसा? फाळक्यांनी वाद घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ ते एकेक चित्र घेत राहिले.

ह्या कामात चिकाटी किती लागली असेल, याचा हिशेब मुलांनाही करता येईल. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे धरीत. म्हणजे एका मिनिटाला ९६० चित्रे झाली. ती महिन्याच्या दिवसांवर वाटली तर रोजची ३२ येतात. अशा रीतीने मिनिटभराहून थोडे अधिक लांबीचे चित्र तयार झाले. बी फुटते, अंकुर वर येतो, रोप वाढते, आणि हे सारे पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत घडते. ‘अंकुराची वाढ’ ह्या नावाने ते ओळखले जाते. निवडक मंडळींना ते दाखवले गेले, आणि यशवंतराव नाडकर्णी व नारायणराव देवहारे यांनी कर्ज देऊ केले. सरस्वतीबाईंचे दागिनेही ह्या उद्योगात गेले. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

परंतु ज्या चित्राने तो इतिहास शक्य केला, ते आज पाहायला मिळत नाही. त्याची तिकिटे विकायची नव्हती, त्यामुळे गावोगाव प्रती पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. कर्ज मिळाले आणि त्याचे काम संपले. आज ते चित्र फक्त लिखित शब्दांतून आपल्यापर्यंत पोहोचते. स्वतः फाळके यांनी १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटाविषयी लेखमाला लिहिली, हे मराठी नियतकालिकांचे भाग्यच म्हटले पाहिजे.

येथे कोणी म्हणेल की त्या काळचे प्रदर्शित चित्रपट तरी कुठे राहिले? हे खरे आहे. आपल्या देशात हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांपैकी पूर्ण-अपूर्ण मिळून तीससुद्धा आज उपलब्ध नाहीत. जुनी नायट्रेट फिल्म चटकन पेट घेते आणि कुजतेही. शिवाय तिच्यातील चांदीसाठी कित्येक रिळे विकली व वितळवली गेली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून ‘प्रभात’सह अनेकांची मूळ रिळे जळाली. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे मिळाली आहेत, आणि तीही १९१७ साली पुन्हा काढलेल्या चित्रपटाची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. तरीही ‘कालिया मर्दन’ (१९१९) बऱ्याच अंशी वाचला. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर शोध घेत राहिले आणि फाळके कुटुंबीयांनी जपलेली फिल्म हाती आली. ‘चित्रपट कसे तयार करतात’ ह्या माहितीपटाचा भागही उरला, आणि त्यात प्रत्यक्ष फाळके काम करताना दिसतात. लोकांसमोर गेलेल्या वस्तूला दहा दारे असतात. नऊ बंद झाली तरी एखादे उघडे सापडण्याची आशा असते. चाचणीच्या वस्तूला एकच दार असते.

हीच गोष्ट अगदी अलीकडच्या आणि वेगळ्याच क्षेत्रात पाहायला मिळते. टीव्हीला जोडून खेळायचे व्हिडिओ गेम आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांनी लहानपणी पाहिले असतील. अमेरिकेत १९७७ साली अटारी कंपनीचे यंत्र आले. त्यात खोबणीत बसवायच्या कॅसेटा असत. बाजारात गेलेल्या खेळांच्या लाखो कॅसेटा निघाल्या. इतक्या, की १९८३ साली धंदा बसल्यावर कंपनीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे जमिनीत पुरला, आणि २०१४ साली तो उकरून काढण्यात आला! पण जे खेळ अर्धवट सोडले गेले किंवा तयार होऊनही बाजारात आले नाहीत, त्यांच्या चाचणीच्या कॅसेटा मोजक्याच असत. त्यांतील चिप अशी असे की तिच्यावरील काचेच्या खिडकीतून अतिनील किरण सोडले की आतला मजकूर पुसला जाई आणि तीच चिप दुसऱ्या खेळासाठी वापरता येई. पाटी पुसून नवे गणित मांडावे, तसाच हा प्रकार. काटकसर म्हणून ते योग्यच होते. पण ज्या पाट्या पुसल्या गेल्या त्यांवर काय होते, हे आता कळणार नाही.

ज्या थोड्या वाचल्या, त्या एखाद्या कारागिराने घरी नेलेल्या खोक्यात वाचल्या. आज अशा वस्तूंना किंमत आली आहे. निन्टेन्डो आणि सोनी ह्या दोन जपानी कंपन्यांनी मिळून केलेल्या व बाजारात न आलेल्या यंत्राचा एक नमुना २०२० साली लिलावात ३ लाख ६० हजार डॉलरला गेला. मात्र किंमत आली म्हणजे जतन झाले असे नव्हे. श्रीमंत संग्राहकाच्या कुलपात पडलेली एकच प्रत आणि माळ्यावर पडलेली एकच प्रत, दोन्ही नाशाच्या तितक्याच जवळ असतात. सुरक्षितता दुसरी प्रत निघाल्यावर येते. ‘स्टार फॉक्स २’ हा खेळ १९९५ च्या सुमारास पूर्ण होऊनही दडपला गेला. २०१७ साली कंपनीने तो लोकांना दिला, तेव्हा तो दुर्मिळ राहिला नाही. त्यात कोणाचे नुकसान झाले?

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. आदिलाबादच्या नारनूर मंडलातील गुंजाळा गावी गोंडी भाषेची हस्तलिखिते निघाली, ती वेगळ्याच लिपीत लिहिलेली होती. हैदराबाद विद्यापीठाच्या प्रा. जयधीर तिरुमलराव यांच्या चमूने ती अभ्यासकांसमोर आणली. सुमारे डझनभर हस्तलिखिते, आणि ती वाचता येणारी गावातील मोजकी वृद्ध मंडळी, एवढाच त्या लिपीचा संसार उरला होता. अभ्यासकांनी त्यांतील लेखनाचा काळ १७५० च्या आसपास नेला आहे. २०१८ साली ‘गुंजाळा गोंडी’ ही लिपी युनिकोडमध्ये समाविष्ट झाली, म्हणजे जगातील कोणत्याही संगणकावर तिला अधिकृत जागा मिळाली. ही हस्तलिखिते चाचणीची नव्हती, हा फरक मान्य केला पाहिजे. पण छापखान्यापर्यंत न गेल्यामुळे त्यांची स्थिती तीच होती. मुंबईतला अंकुर गेला आणि गुंजाळ्याच्या पोथ्या राहिल्या, कारण येथे कोणीतरी त्या घरात ठेवल्या. काम संपले म्हणून चुलीत घातल्या नाहीत.

आमच्या सीमाभागातील मराठी माणसाने याचा विचार केला पाहिजे. आपण हैदराबाद संस्थानात होतो. १९५६ च्या प्रांतरचनेत किनवट, राजुरा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. २०१६ मध्ये आपल्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. प्रत्येक वाटणीत दप्तरे हलतात, आणि हलताना प्रथम टाकून दिली जातात ती ‘उपयोग नसलेली’ कागदपत्रे. मराठी शाळांतून हस्तलिखित काढण्याची प्रथा जुनी आहे. मुलांनी लिहायचे, सुरेख अक्षराच्या मुलीने उतरवायचे, चित्रकलेच्या मास्तरांनी मुखपृष्ठ करायचे, आणि संमेलनात प्रकाशन झाले की अंक कपाटात जायचा. प्रत एकच. नाटकाची तालमीची वही, गावच्या भजनी मंडळाची वही, न छापलेला काव्यसंग्रह, यांचेही तेच. ज्या शाळेत मराठीचे वर्ग कमी होत चालले आहेत, तेथे ह्या वह्यांचा वाचकही कमी होतो, आणि वाचक नसलेल्या वहीला वाळवी लवकर लागते.

ह्यासाठी मोठ्या संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. वहीवर गाव, साल आणि लिहिणाऱ्यांची नावे घालावीत. प्रत्येक पानाचे मोबाईलवर स्वच्छ छायाचित्र घ्यावे आणि ते निदान दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या माणसांकडे ठेवावे. मूळ वही कोरड्या जागी, कापडात गुंडाळून ठेवावी. दिवाळीची साफसफाई आता झालीच आहे. रद्दीवाला येण्यापूर्वी बाहेर काढलेला गठ्ठा एकदा सोडून पाहिला, तर तेवढ्याने सुरुवात होईल.