हिरडी आणि हृदय

चांद्याहून दक्षिणेस निघून बल्लारपूर सोडलें आणि वर्धा नदी ओलांडली, कीं राजुरा हें गांव लागतें. हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत होता. तो आधीं नांदेडास व १९५९ सालीं चांदा जिल्ह्यास जोडला गेला. राज्यें बदललीं, तरी पहाटे अंगणांत बसून कडुनिंबाची काडी चावण्याची जुनी रीत त्यामुळें बदलली नाहीं. ती मोडली ती खर्‍यानें. पण तें पुढें येईल.

काडीची परंपरा प्राचीन आहे. सुश्रुतानें दंतमुळाचे पंधरा रोग सांगितले. त्यांतील दंतवेष्टांत पू व रक्त वाहून दांत हलूं लागतात. वाग्भटानें तर हृद्रोग्यास दंतकाष्ठ वर्ज्य म्हटलें आहे. एवढ्यावरून आमच्या पूर्वजांस जंतूंचें ज्ञान होतें असें म्हणणें अभिमानाचें होईल, सत्याचें नव्हे.

मुखांतील पुवामुळें दूरचे अवयव बिघडतात, हा सिद्धांत विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्यानें १९०० सालीं मांडला आणि १९१० सालीं माँट्रिअल येथील व्याख्यानांत सडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढविणार्‍या दंतवैद्यांवर कोरडे ओढले. शिकागोच्या फ्रँक बिलिंग्जनें त्यास शास्त्राचें रूप दिलें. मग काय विचारतां! सांधे दुखोत कीं डोकें, रोग्याचे दांत उपटण्याचा सपाटा सुरू झाला. हजारों माणसें बोळकीं झालीं आणि दुखणें होतें तेथेंच राहिलें. १९३८ सालीं रसेल सेसिल यांनीं संधिवाताच्या रोग्यांचा हिशेब मांडला, तेव्हां दांत काढल्यानें लाभ होत नाहीं असें दिसलें, व सिद्धांताची पत गेली.

तथापि त्यांतील एक अंश खरा होता. ओकेल व इलियट यांनीं १९३५ सालीं दांत काढल्यावर लागलीच रक्त तपासलें. निम्म्याहून अधिक रोग्यांच्या रक्तांत जंतु सांपडले. निरोगी शरीर ते लौकरच निपटून काढतें. परंतु सांधेज्वरानें हृदयाची झडप आधींच खराब झाली असेल, तर ते तेथें ठाण मांडून बसूं शकतात. म्हणूनच कृत्रिम झडप बसविलेल्या रोग्यास दांत काढण्यापूर्वीं आजही प्रतिजैविक औषध देतात.

हृदयाच्या झटक्याची गोष्ट निराळी. १९८९ सालीं फिनलंडांत मत्तिला प्रभृतींनीं झटका आलेल्या १०० रोग्यांची १०२ इतरांशीं तुलना केली. रोग्यांचे दांत व हिरड्या अधिक बिघडलेल्या आढळल्या. सुजलेल्या हिरडीच्या खोबणींतून जंतु रक्तांत शिरतात, सर्व शरीरांत दाह वाढतो आणि रोहिणींतील मेदाचे थर अस्थिर होतात, अशी मीमांसा पुढें आली. अमेरिकन हृदयसंघानें २०१२ सालीं सर्व पुरावा चाळून, संबंध आहे पण कारणत्व सिद्ध नाहीं, असा निर्णय दिला.

ही अडचण राजुर्‍याकडे पाहिलें म्हणजे चटकन् कळते. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा या मुलखांत घरोघर पोंचला आहे. तो जेथें दाबून धरावा तेथील हिरडी मागें सरते. तीच तंबाखू हृदयासही पीडा देते. अशा माणसाची हिरडी रक्ताळली आणि पुढें छाती दुखूं लागली, तर दोष हिरडीचा कीं खर्‍याचा? मधुमेह असेल तर गुंता आणखीच वाढतो. हिरडीवर उपचार केल्यास रक्तांतील दाहाचीं लक्षणें कमी होतात, एवढें प्रयोगांत दिसलें आहे. झटके टळतात कीं नाहीं, हें ठरविण्यास वर्षानुवर्षांचे मोठे प्रयोग लागतात. उपचार मात्र त्या निकालासाठीं अडत नाहीं, कारण हिरडी दुखते ती आजच.