मिस्टिक
अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश कलर क्लासिक (१९९३) या संगणकात एलसी ५७५ (१९९४) या मॉडेलचा मदरबोर्ड बसवून केलेले रूपांतर. दोन्ही बोर्ड मागील बाजूने सरकवून एकाच प्रकारच्या जोडणीत बसत असल्याने ही अदलाबदल शक्य होते. १६ मेगाहर्ट्‌झच्या ६८०३० प्रोसेसरऐवजी ३३ मेगाहर्ट्‌झचा ६८एलसी०४० मिळतो आणि मेमरीवरील १० मेगाबाइटची मर्यादाही दूर होते. पडदा मात्र ५१२×३८४ बिंदूंचाच राहतो. ६४०×४८० बिंदूंसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर नीट चालावे म्हणून अनेकजण चित्रनलिका चालवणाऱ्या अ‍ॅनालॉग बोर्डातही बदल करतात. वीज बंद केल्यावरही चित्रनलिकेत उच्च दाबाचा विद्युत्भार उरू शकतो. हा बदल करण्याआधी तो काढून टाकणे अत्यावश्यक असते.