खमिराच्या कणातून उलगडलेले रहस्य



पाव असो, नान असो किंवा शीरमाल, पीठ फुगवणारे खमीर आपल्या घरोघरी परिचयाचे आहे. या खमिरात, म्हणजेच यीस्टमध्ये, कोट्यवधी जीव असतात हे मात्र मानवाला फार उशिरा कळले. १६८० मध्ये हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक या कापडव्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून यीस्टचे कण पाहिले; पण ते सजीव आहेत हे त्याच्या ध्यानी आले नाही. पुढे १८३७ मध्ये फ्रान्सचे कान्यार द ला तूर आणि जर्मनीचे श्वान यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, या कणांना मुकुल फुटतो, तो वाढतो आणि त्याचा नवा कण होतो. अर्थात हे कण म्हणजे जिवंत पेशी होत.

परंतु एका पेशीच्या दोन पेशी नेमक्या कशा होतात? मुकुल एकाच जागी का फुटतो? पेशीचा आकार कोण सांभाळतो? या प्रश्नांची उत्तरे मिळण्यास आणखी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

गिरणीतील कोणते चाक काय काम करते हे जाणून घ्यायचे असेल, तर एकेक चाक अडवून पाहावे, म्हणजे ते आपोआप कळते. अमेरिकेतील सिएटल येथे लेलंड हार्टवेल यांनी हाच मार्ग धरला. त्यांनी यीस्टचे असे सदोष वाण शोधले की, जे २३ अंश सेल्सिअसला नीट वाढत, पण ३६ अंशाला त्यांच्यातील एखादे प्रथिन निकामी होई. त्यांच्या प्रयोगशाळेत ब्रायन रीड हा पदवीसाठी शिकणारा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकातून या पेशींची छायाचित्रे घेत असे. त्यांतून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. काही वाणांतील सर्व पेशी विभाजनाच्या एकाच टप्प्यावर, एकाच आकारात अडकून पडत! म्हणजे त्या टप्प्याचे ‘चाक’ सापडले. १९७० मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले, तेव्हा हार्टवेल यांच्यासह या विद्यार्थ्याचेही नाव त्यावर होते.

अशा वाणांपैकी चार वाण फार बोलके ठरले. त्यांतील पेशींचे मुकुल लांबच लांब वाढत. पण मातृपेशीपासून वेगळे होत नसत. १९७६ मध्ये बायर्स आणि गोएच या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी पेशीच्या मानेवर, म्हणजे मुकुल जेथे जोडलेला असतो तेथे, तंतूंचे एक कडे पाहिले. एका तंतूची जाडी सुमारे १० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा एक लाखावा भाग! सदोष वाणांत हे कडे नव्हते. ते ज्या प्रथिनांचे बनते त्यांना पुढे ‘सेप्टिन’ हे नाव मिळाले. इमारतीला जशी पराती, तसे हे कडे. त्याच्या आधाराने इतर प्रथिने जागेवर बसतात, मान आवळली जाते, मध्ये पडदा उभा राहतो आणि दोन पेशी वेगळ्या होतात. मुकुल कोठे फुटावा हे ठरवण्यातही एका प्रथिनाचा मोठा वाटा असतो. १९९० मध्ये वर्णन झालेल्या त्या ‘सीडीसी ४२’ मध्ये बिघाड झाला, तर पेशी नुसतीच गोल फुगत राहते. तिला मुकुलच फुटत नाही.

आता एका माणसाची हकीकत ऐका. इंग्लंडमधील पॉल नर्स हा एका कामकरी कुटुंबात वाढलेला मुलगा. शालान्त परीक्षेत तो फ्रेंच भाषेत सहा वेळा नापास झाला. तेव्हा विद्यापीठात प्रवेशासाठी परकीय भाषा आवश्यक असे. त्यामुळे त्याला दार बंद झाले. त्याने एका मद्यनिर्मिती कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची नोकरी धरली. शेवटी बर्मिंगहॅम विद्यापीठाने ती अट बाजूला ठेवून त्याला प्रवेश दिला. याच नर्स यांनी पुढे एडिंबरो येथे दुसऱ्या जातीच्या, लांबट आकाराच्या आणि मधोमध दुभंगणाऱ्या यीस्टमध्ये विभाजनाची वेळ ठरवणारे ‘सीडीसी २’ हे जनुक ओळखले. १९८७ मध्ये मेलनी ली आणि नर्स यांनी दाखवले की, मानवाचे तसेच जनुक यीस्टच्या पेशीत घातले तर तेथेही ते काम करते! २००१ मध्ये हार्टवेल, नर्स आणि टिम हंट यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. कर्करोग म्हणजे पेशींचे बेलगाम विभाजन. ते रोखण्यासाठी याच कुळातील प्रथिनांना अडवणारे एक औषध २०१५ मध्ये अमेरिकेत स्तनांच्या कर्करोगासाठी मान्य झाले. त्याच्या मुळाशी खमिराचा कण आहे. आपल्या शरीरातही सेप्टिनची १३ जनुके आहेत.

पालकहो, एका विषयात नापास झाला म्हणून मुलाला गॅरेजवर पाठवण्याची, मुलीला घरी बसवण्याची घाई आपल्याकडे अजूनही होते. गुणपत्रिका हातात घेताना पॉल नर्स यांची आठवण ठेवा. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही ब्रायन रीडची. इल्माचे दार शिकणाऱ्यासाठीही उघडे असते. मात्र त्यासाठी समोरच्या साध्या वस्तूकडेही धीराने पाहत राहावे लागते.