नोंदवही ते परवलीचा शब्द

‘मुलगा मॅट्रिक झाला’ हे वाक्य आपल्याकडे एके काळी मोठ्या अभिमानाने उच्चारले जाई. त्या शब्दाचा मूळ अर्थ मात्र फारसा कोणी ध्यानात घेत नसे. लॅटिन भाषेत ‘मात्रिकुला’ म्हणजे नावांची नोंदवही. विद्यापीठाच्या वहीत ज्याचे नाव चढावयास योग्य ठरले, तो मॅट्रिक. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८५९ साली पहिली प्रवेश परीक्षा घेण्यात आली. तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या तरुणांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. विद्या पुढे मिळवावयाची होती; आधी वहीत नाव लागणे अवश्य होते. हा क्रम आजही तसाच आहे. बदलली आहे ती वही, आणि तीत नाव लिहिणारा हात.

हा बदल पाहावयाचा तर म्हैसूरसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. १९१६ हे वर्ष भारतीय शिक्षणाच्या इतिहासात भाग्याचे ठरले. त्या एका वर्षात काशीला हिंदू विद्यापीठाची पायाभरणी झाली, महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले, आणि २७ जुलै रोजी महाराजा कृष्णराज वडियार यांच्या राज्यात म्हैसूर विद्यापीठ जन्मास आले. त्यामागे दिवाण विश्वेश्वरय्या यांचा ध्यास होता. ते स्वतः पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात अनेक वर्षे राबलेले. तोपर्यंत म्हैसूरच्या विद्यार्थ्यांची नावे मद्रास विद्यापीठाच्या वहीत जात. आता ती आपल्याच राज्यातील वहीत येऊ लागली. म्हैसूरचे महाराजा कॉलेज आणि बंगलोरचे सेंट्रल कॉलेज एवढाच आरंभीचा पसारा होता. अशा लहान घरात कारकुनाला विद्यार्थी चेहऱ्याने ठाऊक असे, आणि वहीत चूक झाली तर ती त्याच्याच टाकाने दुरुस्त होई.

पहिली फारकत झाली ती १९६९ साली. त्या वर्षी म्हैसूर विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षणाची संस्था सुरू केली. नोकरदार, गृहिणी, खेड्यातील शिक्षक यांना टपालाने पाठ जाऊ लागले. विद्यार्थी विद्यापीठाच्या दारी न येताही विद्यार्थी होऊ शकतो, ही गोष्ट त्या दिवसापासून मान्य झाली. याच संस्थेतून १९९६ साली कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ उभे राहिले.

दुसरी फारकत याहून मोठी आहे. २०२१ साली कर्नाटक राज्याने आपली विद्यापीठे व महाविद्यालये यांच्यासाठी एकच संगणकीय व्यवस्था चालू केली. पदवीवर्गात येणारा विद्यार्थी आता प्रथम स्वतःचे खाते उघडतो, दूरध्वनीवर आलेला क्षणिक आकडा भरून आपली ओळख पटवतो, गुण आणि दाखले चढवतो. पुढे परीक्षेचा अर्ज आणि निकालही त्याच खात्यातून. त्याच वर्षीच्या जुलैत विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची पेढी स्थापन केली. एका विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक तीत जमा राहावेत आणि दुसऱ्या विद्यापीठात उपयोगी पडावेत, अशी योजना. ‘खाते’ आणि ‘पेढी’ हे व्यापाऱ्याचे शब्द विद्येच्या अंगणात आले ते असे.

या नव्या वहीचे दुखणे नावापासून सुरू होते. मराठी माणूस आधी स्वतःचे, मग वडिलांचे, शेवटी घराण्याचे नाव लिहितो. जुन्या म्हैसूर राज्यातील रीत याच्या उलट. मोक्षगुंडम हे विश्वेश्वरय्यांचे आडनाव नव्हे. ते त्यांच्या पूर्वजांचे आंध्रातील गाव. याच विद्यापीठाचे विद्यार्थी व पुढे कुलगुरू झालेले कवी कुवेंपु म्हणजे कुप्पळ्ळी वेंकटप्पा पुट्टप्पा: गाव, वडील आणि अखेरीस स्वतः. महाराजा कॉलेजातून पदवी घेऊन मुंबईस आलेले व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या आद्याक्षरांतही एक गाव आणि एक पिता दडलेला आहे. संगणकाचा तक्ता मात्र एकच प्रश्न विचारतो: आडनाव कोणते? कोणी तेथे आद्याक्षर घालतो, कोणी वडिलांचे नाव. शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारपत्रावर दुसरे, असे झाले की यंत्र म्हणते, ही दोन माणसे आहेत. जुना कारकून हसून म्हणाला असता, अहो, हा तर तोच!

परवलीच्या शब्दाची कथाही ऐकण्याजोगी आहे. गडाच्या दरवाजावर पहारेकऱ्याला सांगावयाचा हा शब्द संगणकात आला तो विद्यापीठातूनच. १९६१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची सोय फर्नांडो कोर्बातो यांनी केली, आणि प्रत्येकाची कागदपत्रे निराळी राहावीत म्हणून प्रत्येकास एक गुप्त शब्द दिला. पुढच्याच वर्षी तेथील एका संशोधक विद्यार्थ्याने सगळ्यांचे गुप्त शब्द यंत्राकडूनच छापून घेतले. त्याला संगणकावर अधिक वेळ हवा होता! कुलूप आणि चोरवाट ही दोन्ही अशी विद्यापीठाचीच अपत्ये. तरीही विद्यार्थी आपला शब्द सायबर कॅफेच्या चालकाला सांगतो, किंवा खाते मित्राच्या दूरध्वनी क्रमांकावर उघडतो. क्रमांक बदलला, मित्र दूर गेला, की पदवीची किल्ली परक्या खिशात राहते.

साधनांच्या बाबतीत मात्र आजचा विद्यार्थी भाग्यवान आहे. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो जगाला मोकळा करून दिला. अशा मुक्त प्रणालींवर निबंध लिहिता येतो, गणित मांडता येते, कन्नड आणि मराठी अक्षरेही उमटतात, आणि त्यासाठी एक रुपयाही मोजावा लागत नाही. महागड्या प्रणालीची चोरटी प्रत घेण्याचे कारण उरत नाही.

नव्या वहीचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. ती वाळवीने खाल्ली जात नाही आणि दाखल्यासाठी चार हेलपाटे घालावयास लावत नाही. परंतु पूर्वी नोंद बिनचूक ठेवण्याचे ओझे संस्थेच्या खांद्यावर होते; ते आता अठरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर आले आहे, आणि ज्याच्या घरात एकच दूरध्वनी चौघांत फिरतो त्याला ते सर्वांत जड आहे. यासाठी विद्यार्थ्याने आपले नाव सर्व कागदांवर एकसारखे करून घ्यावे, खाते स्वतःच्याच क्रमांकावर उघडावे आणि परवलीचा शब्द कोणास सांगू नये. विद्यापीठाने आपल्या बाजूने यंत्राशेजारी एक खुर्ची आणि तीवर एक माणूस ठेवावा. नाव अडलेल्या मुलाकडे पाहून ‘हा तोच’ असे म्हणण्याचा अधिकार त्या माणसाला असावा. वही कागदाची असो की विजेची, तीत नाव लागले नाही म्हणून विद्येच्या दारातून कोणी परत जाऊ नये.