तारेला तारेचा आधार

विरारच्या पूर्वेस फुलपाड्याच्या रस्त्यानें जातांना खांबांवरील तारांकडे आपण क्वचितच पाहतों. एकीनें निरोप न्यावा व दुसरीनें तिचें ओझें वाहावें, ही वाटणी मनुष्यास हळूहळू सुचली.

१८५५ सालीं हिंदुस्थानांत तारायंत्र जनतेस खुलें झालें, तेव्हां डॉ. ओशॉनेसी यांनीं खांबांवरून जाड लोखंडी सळईच नेली होती. वानर लटकलें तरी ती तुटूं नये, हा हेतु. निरोप व भार एकाच सळईवर होता.

१८८२ सालीं मुंबईंत टेलिफोन आला आणि तारांची गर्दी झाली. म्हणून अनेक तारा एका शिशाच्या आवरणांत घालूं लागले. पण शिसें जड आणि मऊ. तें स्वतःच्या भारानेंच ताणतें. तेव्हां आधीं पोलादी दोर ताणून केबल त्याखालीं बांधण्याची रीति आली.

हें काम प्रथम हातानें होई. पुढें यंत्र आलें. दोरावर बसविलेलें यंत्र खालून रस्सीनें ओढलें, कीं त्याचें पिंप फिरतें आणि बारीक तार दोर व केबल यांभोंवतीं वेढे घेते. चाकें स्वच्छ ठेवावीं, ताण सारखा राखावा, खांबापाशीं टोंक घट्ट आवळावें. टोंक सुटलें, तर वेढे सैल होऊन केबल लोंबते.

तारायंत्र २०१३ सालीं बंद झालें. केबलींत आतां कांचेचे तंतु आले. तरी लोंबणारी केबल दिसल्यास तिला हात न लावतां लाइनमनला कळवावें. शेजारीं विजेची तारहि असूं शकते.