भंगारातील दफ्तर

इंग्लंड-अमेरिकेत धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकाने असतात. तेथे हौशी मंडळींना अधूनमधून जुना संगणकही गवसतो. आपल्याकडे ही प्रथा रुजली नाही. जुन्या साड्या बोहारणीला, वर्तमानपत्रे रद्दीवाल्याला आणि उरलेले सारे भंगारवाल्याला, अशी आपली वाटणी. भंगाराच्या दुकानात वस्तूचे मोल होत नाही, वजन होते.

दोन वर्षांपूर्वी डोंबिवली पूर्वेच्या अशाच एका दुकानात एका संगणकाच्या सांगाड्याशेजारी आम्हांस साडेतीन इंची फ्लॉप्यांचा डबा दिसला. एकीवर शाईने लिहिले होते : ‘दिवाळी ९७, अंतिम’. मराठीच्या अध्यापकाचा पाय तेथून निघणे शक्य नव्हते. डबा घरी आणला. बऱ्याच फ्लॉप्या बुरशीने गेल्या होत्या. ही एक वाचता आली. पण पडद्यावर उमटली ती रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी.

याचे कारण इतिहासात आहे. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने ‘जिस्ट’ तंत्राद्वारे भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. ‘इस्की’ ही प्रमाण संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावर बेतलेली होती. प्रत्यक्ष छपाईच्या व्यवहारात मात्र आकृती, श्रीलिपी यांसारख्या प्रणालींचे फाँट चालत. प्रत्येकाने अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या घरांत आपापल्या क्रमाने बसविलेले. फाँट हरवला की मजकूर मुका.

योग्य फाँट मिळाल्यावर ती कथा वाचता आली. एक नव्हे, दोन पाठ निघाले. पहिल्यात गिरणी बंद पडल्यावर नायक गावी परततो. ‘अंतिम’ पाठात तो कल्याण स्थानकावरच थांबतो आणि कथा संपते. लेखकाचे नाव कोठेही नाही.

हस्तलिखितांतील पाठभेद आम्ही वर्गात शिकवतो. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यामागची गावोगावची दफ्तरे धुंडाळण्याची तळमळही सांगतो. मोडी वाचणारे विरळ झाले तसे कागद मुके झाले, अशी खंतही व्यक्त करतो. आणि आमच्याच हयातीतील लेखन मोडीहून लवकर अवाच्य होत आहे, याकडे मात्र आमचे लक्ष नव्हते. मोडीचा कागद निदान डोळ्यांना दिसतो. फ्लॉपी पाहून तीत कथा आहे की किराण्याचा हिशेब, हे कळत नाही.

ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. जुनी यंत्रे शास्त्रशुद्ध रीतीने मोडली जावीत, हे रास्तच. पण मोडण्याआधी कोणी वाचावे? कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. पोथ्या आणि छापील पुस्तके जपण्याची परंपरा या परिसरास नवी नाही. तिच्यात फ्लॉपीलाही जागा मिळावी, एवढेच आमचे म्हणणे.

तूर्त वाचकांनी आपल्या माळ्यावरचा डबा भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवण्यापूर्वी एकदा उघडून पाहावा. आमच्या हाती लागलेल्या कथेचा कर्ता कदाचित अजून डोंबिवलीतच राहत असेल.